शनीच्या पलीकडून

कडूबाईला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिच्या हातात जात्याचा खुंटा होता आणि तोंडात अर्धी ओवी. भाऊबीज होऊन चार-दोन दिवस झाले असतील. पहाटेचा गारठा मी म्हणत होता. दळता दळता तिनं मान वर केली, दारातून बाहेर बघितलं, आणि ओवी जिथल्या तिथं राहिली. समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर आभाळात एक केरसुणी उभी होती. खाली ठसठशीत तारा, आणि त्यातून वर गेलेला पांढरा झोत, पार वरपर्यंत फाकलेला.

'दारातून' म्हटलं खरं, पण दार कुठलं आलंय! हे शिंगणापूर. इथं घराला चौकट असते, पण चौकटीत फळी नसते, कडी नसते, कोयंडा नसतो. राखणदार शनिदेव. त्याची काळी शिळा गावात उघड्यावर उभी, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. तो जागा असताना कुलूप लावायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हटल्यासारखं. जो दार लावील त्याचे डोळे जातील, असं कडूबाईनं आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेलं. कुत्रं-मांजर येऊ नये म्हणून रात्री तुराट्यांची ताटी चौकटीला टेकवायची मुभा होती. टेकवायची, बांधायची नाही. बांधली की तिचं दार झालं.

आणि कडूबाईच्या घराचं तोंड नेमकं त्या केरसुणीकडं. पूर्वेला, जरासं दक्षिणेला कललेलं. आतल्या आढ्याला नातीची झोळी टांगलेली, ती नेमकी चौकटीसमोर. म्हातारीनं एकदा ताऱ्याकडं बघितलं, एकदा झोळीकडं. ते शेंडेनक्षत्र थेट पोरीच्या तोंडाकडं बघत होतं.

"रंगे, ऊठ," ती सुनेला म्हणाली. "पोरीला उचल. तिकडं कोपऱ्यात घे."

रंगूबाई झोपेतच उठली, बाहेर बघितलं आणि पोरीला छातीशी धरून भिंतीला पाठ लावून बसली. "आत्याबाई, काय हो ते?"

"शेंडेनक्षत्र हाय. नाव घिऊ नगं."

आता म्हातारीला भित्री म्हणायची कुणाची छाती नव्हती. विंचू पायाखाली धरून ठेवून "आण गं चिमटा" म्हणणारी ही बाई. पण हे नक्षत्र तिनं पूर्वी एकदा बघितलं होतं. नवी नवरी होती तेव्हा, उन्हाळ्याच्या दिवसांत, पहाटे असंच शेपूट घेऊन उगवायचं. ते आलं आणि गेलं, आणि मग मानमोडीच्या तापाची साथ आली. मधे चांगली सात-आठ वर्षं गेली होती, हे कुणी सांगायला गेलं असतं तर तिनं त्याला उभं केलं नसतं. तिच्या लेखी त्या केरसुणीनंच आधी घर हेरलं आणि मग दोन लेकरं झाडून नेली. एक चार वर्षांचं, एक पाळण्यातलं. मागाहून झाला तो सूर्यभान. सूर्यभानाचं पहिलं पोरगं दोन महिन्यांचं होऊन तापानं गेलं. आता ही नात, पाच महिन्यांची. हिचं नाव म्हातारीनं मुद्दाम धोंडी ठेवलं. धोंड्याला कोण नजर लावतंय! तिचं स्वतःचं नावही असंच ठेवलेलं. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिला कडू म्हटलं. यमानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं.

सूर्यभान घरात असता तर तिनं त्याला म्हटलं असतं, जा, बायको-पोरीला घेऊन जा कुठंतरी दाराच्या गावाला. पण सूर्यभान बैलगाडी घेऊन श्रीरामपूरकडं कारखान्याच्या ऊस-वाहतुकीला गेला होता. गाडी तिकडं, बैल तिकडं. घरात दोन बाया आणि एक तान्हं मूल. आणि रंगूचं माहेर तरी कुठं? ह्याच गावात, पलीकडच्या आळीला. तेही बिनदाराचंच.

दिवस उजाडला तसं गाव बोलायला लागलं. शेजारचा पुंजाराम तर अशा बातमीसाठीच जन्मलेला. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पाय मोडला, हे त्याला घरमालकाच्या आधी ठाऊक. तंबाखू मळत तो कडूबाईच्या ओट्याला येऊन टेकला.

"आक्का, बघितलं का? आवंदा गांधीबाबा गेला, पलीकडं निजामाच्या मुलखात रझाकारांनी वणवा पेटिवला, आता हे. वरीस काय धड न्हाई."

"तुझ्या तोंडाला काय किडं पडल्यात का रं पुंज्या? सकाळच्या पारी कायतरी बरं बोल."

"मी कशाला बोलतोय? लोक बोलत्यात. म्हनं ज्या घरात त्याची नजर पडती, त्या घरातलं तान्हं ऱ्हात न्हाई. सोनईला लोकं पहाटंची दारं लावून, फटीत चिंध्या कोंबून बसत्यात." त्यानं तंबाखूची चिमूट गालात सारली आणि आत झोळीकडं बघितलं. "आपल्याला काय! आपल्याला दारच न्हाई."

एवढं बोलून तो गेला. असली माणसं आग लावत नाहीत, नुसता वारा घालतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडूबाईनं चौकटीत लुगडं टांगलं. वारा आला की ते फुगायचं आणि बाजूनं तो तारा आत डोकवायचा. तिसऱ्या दिवशी ताटी नीट सरळ टेकवली. तुराट्यांच्या फटीफटींतून पांढरा उजेड दिसतोय असं तिला वाटायला लागलं. खरं तर शेंडेनक्षत्राचा उजेड तो केवढा! पण भीतीला डोळे मोठे. म्हातारी झोळीशी बसून राहायची, पोरीच्या तोंडावर पदर धरून. पोरगी कंटाळून लाथा झाडायची. आणि चौथ्या दिवशी पोरीला खोकला झाला. साधाच, गारठ्याचा. पण त्या दोघींना तो साधा कसा वाटावा?

शनिवार आला. बाहेरगावची चार माणसं देवाला तेल घालायला आली होती. पुरुष ओलेत्यानं चौथऱ्यावर चढत होते, बाया खालूनच हात जोडत होत्या. कडूबाईनंही लांबूनच हात जोडले. "बाबा, तुझ्या भरवशावर चौकट उघडी हाय," ती म्हणाली. "पोरीवर ध्यान ठेव."

तिथंच तिला शाळेचे माधव गुरुजी भेटले. गुरुजी नगरचे. माणूस भला, पोरांना फारसं न मारणारा. लोक भेदरलेत हे बघून त्यांनी पारावर पाच-पंचवीस माणसं जमवली होती आणि आभाळ समजावून सांगत होते.

"भिण्यासारखं त्यात काही नाही," गुरुजी म्हणाले. "तो धूमकेतू आहे. सूर्याभोवती फिरायला आलाय, वळसा घालून परत जाईल. कुणाचं घर बघायला त्याला डोळे नाहीत."

"पन गुर्जी, येतंय कुठनं ते?" कडूबाईनं विचारलं.

गुरुजींना आनंद झाला. म्हातारी प्रश्न विचारतेय! त्यांनी खाली वाकून मातीत गोल ओढले. मधे सूर्य, ही आपली पृथ्वी, हा गुरू, आणि हा लांबचा मोठा गोल शनीचा. मग काडी त्या गोलाच्याही बाहेर नेली. "हा इथून येतो आजी. शनीच्याही पलीकडून. तिकडं इतकी थंडी असते की बोलायची सोय नाही."

गुरुजी खोटं बोलले नाहीत. आज तर आपल्याला याहून जास्त ठाऊक आहे. सूर्य आणि ग्रह घडले तेव्हा जे वापरात आलं नाही ते तिकडं दूर उरून राहिलं. भाकरी थापून झाल्यावर परातीच्या कडेला पिठाचा चुरा उरतो, तसा. बर्फ आणि धूळ यांचे ते मळकट गोळे. त्यातला एखादा वाट चुकल्यागत सूर्याकडं येतो, तापतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेचं शेपूट दिसतं. गारठलेल्या शिळ्या बर्फाला कुणाच्या तान्ह्या लेकराचं काय पडलंय?

पण कडूबाईच्या कानात एकच शब्द राहिला. पलीकडून.

"म्हंजी गुर्जी," ती हळूच म्हणाली, "शनिदेवाला वलांडून आलं म्हना की."

"हो, म्हणजे त्याची कक्षा ओलांडून..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. घरी येताना तिनं शिळेकडं बघायचं टाळलं. वर आभाळात त्याच्या डोळ्यांदेखत ते सुटून आलं, तरी त्यानं अडवलं नाही. जो तिथं अडवू शकला नाही तो इथं चौकटीत काय अडवणार? असं मनात आलं आणि आलं म्हणूनच ती आणखी घाबरली. देवाबद्दल असा विचार ह्या गावात कुणी केला नसेल. तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. पण आलेला विचार चापटीनं जातो होय?

गुरुजी बिचारे त्या दिवशी समाधानानं जेवले असतील.

संध्याकाळी पोरीचा खोकला वाढला. अंग कोमट लागत होतं. रंगूबाई रडकुंडीला आली. "आत्याबाई, माझं ह्ये बी जानार का हो?"

"तुझं न्हाई, माझं हाय ते," म्हातारी फटकन म्हणाली. "आनि रडू नगं. रडल्यानं काय हुतंय? ऐक. उद्या ताटी लिंपून घिऊ. परवा पहाटं बांधायची."

रंगूच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. "बांधायची? आत्याबाई, देवाचा कोप..."

"कोप व्हईल त्यो गाठ मारनाऱ्यावर. गाठ मी मारते. बाहीरनं मारते. तू आन धोंडी आत. तुमी काय केलंच न्हाई. मी बाहीर ओट्यावर बसते. नक्षत्राला बघायचं आसंल तर मला बघंल, आनि देवाला डोळं न्यायचं आसतील तर माझं न्हील. न्हाईतरी किती दिस वापरायचेत मला!"

हे बोलताना तिचा आवाज खणखणीत होता.

ताटी तिनं दुसऱ्या दिवशी दुपारीच शेण-मातीनं दोन्ही बाजूंनी लिंपून काढली, एकही फट राहू दिली नाही. पुंजारामानं विचारलंच, "आक्का, ह्ये काय?" तिनं सांगितलं, शेळीच्या करडाला आडोसा. वर धाब्यात, मातीच्या छपरात, धूर जायला भोक होतं. त्यातूनही ते डोकावेल म्हणून रंगूनं शिडीवर चढून त्यावर घमेलं पालथं घातलं. चौकटीच्या दोन्ही अंगाला भिंतीत जुवाच्या दोऱ्या अडकवायच्या खुंट्या होत्या. चऱ्हाट आवळायला त्या बऱ्या होत्या.

त्यानंतरच्या पहाटे, कोंबडं आरवायच्या आधी, दोघी उठल्या. गारठा मरणाचा. पोरगी खोकत होती. तिला शेक मिळावा म्हणून रंगूनं शेगडीत कोळसे चांगले फुलवले, वर दोन गोवऱ्या घातल्या, ओवा आणि वावडिंगाची चिमूट टाकली. ह्यात नवीन काय? ह्या घरात थंडीची शेगडी रात्र-रात्र धगधगायची. धूर आपला चौकटीतून निघून जायचा, कुणाला त्याचा विचारही करावा लागला नव्हता. दाराच्या गावातलं शेंबडं पोर सांगेल की कोंडलेल्या घरात शेगडी पेटती ठेवू नये. पण ह्या दोघी जन्मात कधी कोंडलेल्या घरात झोपल्या नव्हत्या. त्यांना कुणी सांगायचं?

कडूबाई बाहेर आली. ताटी चौकटीत बसवली. चऱ्हाट पाण्यात भिजवून घेतलं होतं, बाज विणताना भिजवतात तसं, सटकू नये म्हणून. ह्या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत तिनं ते फिरवून आवळलं आणि गाठ मारली. गाठ मारताना तिनं डोळे मिटले होते. आत्ताच जातील की काय असं वाटलं. मग उघडले. लिंबाचं झाड दिसलं, उकिरडा दिसला, आणि झाडाच्या वर ती केरसुणी दिसली, कालच्यापेक्षा उंच.

घोंगडी पांघरून ती ताटीला पाठ लावून बसली.

"बघ," ती पुटपुटली. "मला बघ. काय घ्याचं ते ह्या हाडातनं घे."

वर शेंडेनक्षत्र, आणि त्याच्याही वर, माथ्याकडं, एक शांत पिवळसर तारा. सूर्यभानानं मागं एकदा दाखवला होता, शनी म्हणून. कडूबाईची नजर त्याच्याकडं गेली आणि खाली आली. आता तिचे दोन दोन वैरी समोर होते. एकाला ती बाहेर अडवत होती आणि एकाला फसवत होती. दात वाजत होते. मधे एकदा आतून खोकल्याची ढास ऐकू आली, मग रंगूचं "उगी, उगी". मग काही नाही.

कोंबडं आरवलं. रोज कोंबडं आरवलं की धोंडी रडायची, दुधासाठी. आज रडली नाही.

कडूबाईला हायसं वाटलं. खोकला थांबला, पोरीला झोप लागली, बरं झालं. नजर पडली नाही की कसं लेकरू शांत झोपतं बघा! तिनं नक्षत्राकडं बघून मनातल्या मनात अंगठा दाखवला.

पलीकडच्या घरात जातं सुरू झालं. मग त्याच्या पलीकडच्या. रंगूचं सुरू झालं नाही.

"रंगे," तिनं ताटीला तोंड लावून हळूच हाक मारली. मोठ्यानं मारायची सोय नव्हती, पुंजाराम जागा व्हायचा. "ए रंगे. दळान घे की."

आत तांब्या लवंडल्यासारखा आवाज झाला. पाणी सांडलं असावं. मग पुन्हा चिडीचूप.

कडूबाई उठून उभी राहिली. गाठ सोडावी? तिनं वर बघितलं. ते ऐन चौकटीसमोर उभं होतं, डोळा वटारून. आता ताटी काढली तर सगळी नजर एका दमात आत. सूर्य वर येईपर्यंत थांबलं तर ते विझतं, मग भीती नाही. पूर्वेला अजून फटफटलंही नव्हतं. थोडं थांबावं. पोरगी झोपलीय. झोपलेलीच बरी.

झोपलेलीच बरी.

हे शब्द ती पूर्वी बोलली होती. मानमोडीत. रात्रभर कण्हणारं तान्हं पहाटे गप्प झालं होतं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, झोप लागली हो त्याला, झोपलेलंच बरं, उठवू नका. उजाडल्यावर तिनं पांघरूण काढलं होतं.

"रंगे!" ती किंचाळली. "आगं रंगे! वो दे!"

गाठीला तिनं हात घातला. भिजवलेलं चऱ्हाट गारठ्यात असं आवळून बसलं होतं की नख शिरेना. नख मोडलं. तिनं दात लावले. दात हलला, गाठ हलली नाही. विळा आत. कुऱ्हाड आत. सगळंच आत. तिनं ताटीला खांदा दिला, पण लिंपण वाळून कडक झालेलं, आणि म्हातारीच्या अंगात बळ किती? फुटलेल्या लिंपणातून जळकट वास मात्र बाहेर आला, तोंडावर.

तेव्हा तिनं कोप, नजर, गाव, लाज सगळं सोडलं आणि ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच हाक मारली. "पुंजाराम! आरं पुंजाराम, धाव रं! माझी पोर गेली रं!"

बिनदाराच्या गावाचं एक असतं. तिथं कुणाला कडी काढावी लागत नाही. हाक संपायच्या आत पुंजाराम विळा घेऊन अंगणात होता, त्याच्यामागं त्याची बायको, तिच्यामागं आळी. पुंजारामानं चऱ्हाट बघितलं. एक क्षण त्याचा हात थांबला. मग त्यानं विळा घातला, चऱ्हाट तुटलं, ताटी आडवी झाली आणि कोंडलेला धूर भसकन बाहेर आला.

रंगू जात्यापाशी पालथी पडली होती, हात चौकटीकडं पसरलेला. पुंजारामानं तिला ओढत ओट्यावर आणलं. कडूबाई आत शिरली, झोळीत हात घातला आणि पोरीला उचललं. पोरगी ओल्या फडक्यासारखी लोंबली.

म्हातारी धावत अंगणाच्या मधोमध आली. पोरीच्या अंगावरचं फडकं, टोपडं तिनं ओरबाडून फेकून दिलं. तळपायांवर चापट्या मारल्या. तोंडात फुंकर घातली. पोरीचं तोंड उघड्या आभाळाकडं होतं आणि आभाळात ते उभं होतं, शेपूट पसरून, सरळ तिच्या तोंडावर. पुंजारामाची बायको म्हणाली, "आक्का, पदर धरा, नजर पडंल!"

"पडू दे!" कडूबाई ओरडली. "वारं येऊ दे तिला! धोंडे, ए धोंडे, श्वास घे गं माझे बाई. घे की गं. धोंडे!"

गार वारा आला. रानावरचा, कोवळ्या जोंधळ्यावरून आलेला. पोरीच्या उघड्या छातीवर शहारा आला. मग एक बारीक उचकी. मग खोकला. आणि मग धोंडीनं असा टाहो फोडला की गोठ्यातली करडं उठून उभी राहिली.

कडूबाई मटकन खाली बसली. तिला रडायचं होतं, पण आवाज फुटेना. पोरगीच दोघींच्या वाटणीचं रडत होती.

रंगूला उलटी झाली, मग शुद्ध आली. डोकं फुटतंय म्हणाली, पाय उचलत नाहीत म्हणाली, गाठ सोडा म्हणून ओरडायचं होतं पण जीभच हलली नाही म्हणाली. तेवढ्यात माधव गुरुजी धोतर सावरत आले. शेगडी बघितली, लिंपलेली ताटी बघितली, धाब्यावरचं घमेलं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोळशाची विषारी हवा," ते म्हणाले. "अजून थोडा वेळ गेला असता तर दोघीही... कडूबाई, मी सांगितलं होतं ना, त्याला भिऊ नका म्हणून?"

"तुमीच म्हनला, शनीच्या पल्याडनं आलं," कडूबाई म्हणाली. "त्यानं अडिवलं न्हाई म्हून मी अडवाया गेले."

गुरुजींनी वाकून शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन विझवली. शहाण्या माणसाला एवढं तरी कळतं, की कधी गप्प बसावं.

पुंजाराम मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्यानं तुटलेलं चऱ्हाट उचललं, खुंटीवर राहिलेली गाठ बघितली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताटी बांधली हुती. आपल्या गावात दार लावलं."

रंगूनं सासूकडं बघितलं.

"मी लावलं," कडूबाई म्हणाली. "गाठ माझी हाय. सुनेचा हात लागल्याला न्हाई."

"मंग डोळं जानार आक्का तुझं," पुंजाराम म्हणाला. आणि खोटं कशाला सांगायचं, म्हणताना त्याचाही आवाज कापला. म्हातारीनं त्याला अंगाखांद्यावर खेळवला होता.

त्या दिवशी ताटी करडाच्या खुराड्याला गेली. रात्री चौकटीत काहीच टेकवलं नाही. कुत्रं येईल तर येवो, कडूबाई म्हणाली, काठी हाय माझ्यापाशी. झोळी होती तिथंच, चौकटीसमोर.

पण भीती काही गेली नाही. तिनं नुसतं घर बदललं. आता कडूबाई रोज झोपताना दिव्याकडं निरखून बघायची आणि मनाशी म्हणायची, हा शेवटचा. पहाटे जाग आली की डोळे उघडायचं धाडस व्हायचं नाही. मिटल्या डोळ्यांनीच पडून राहायची, पोरीचा श्वास ऐकत. मग जीव मुठीत धरून उघडायची आणि पहिल्यांदा शोधायची ते लिंबाच्या शेंड्यावर. तिथं ती केरसुणी असायची. दिसली की म्हातारीचा जीव भांड्यात पडायचा. दिसतंय, म्हणजे डोळे शाबूत आहेत! ज्याला बघून ती भेदरायची त्याचीच आता रोज वाट बघायला लागली. "आलास का रं मुडद्या," असं म्हणून ती जात्यावर बसायची.

मार्गशीर्ष लागला. धोंडीचा खोकला केव्हाच गेला होता. एका पहाटे कडूबाईनं डोळे उघडले, लिंबाच्या शेंड्यावर बघितलं, आणि तिथं काही नव्हतं. तिनं डोळे चोळले. पुन्हा बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, सगळं गढूळ दिसत होतं.

"रंगे!" तिनं टाहो फोडला. "रंगे, गेलं गं माझं डोळं! मला दिसंना!"

रंगू धडपडत उठली. "काय दिसंना, आत्याबाई?"

"शेंडेनक्षत्र दिसंना!"

रंगूनं बाहेर बघितलं. मग म्हणाली, "मला बी दिसंना. आवो, गेलं ते. चार दिस झालं, फिक्कं फिक्कं हुत चाललं हुतं." आणि झोळीतून पोरीला उचलून तिनं सासूच्या तोंडासमोर धरलं. "ह्ये दिसतंय का?"

कडूबाईनं हात पुढं केला. धोंडीच्या नाकाला शेंबूड होता, गालावर झोळीच्या विणीचे वळ उठले होते, आणि ती आजीचं नाक धरायला बघत होती. म्हातारीनं तो शेंबूड पदरानं पुसला. पुसताना तिचे खांदे हलायला लागले, आणि यावेळी रडायला आवाजही फुटला.

रंगू तिच्याशेजारी टेकली. तिनं विचारलं, "आत्याबाई, द्येवानं तुमाला काय केलं न्हाई. आनि त्या शेंडेनक्षत्राला बी कसं सोडलं वो, तिथनं येताना?"

कडूबाईनं नाक पुसलं. उघड्या चौकटीतून बाहेर बघितलं. माथ्याकडं तो पिवळसर तारा आपल्या जागी होता, आणि गावात त्याची शिळा उघड्यावर उभी होती, भिंत नाही, छप्पर नाही.

"त्याच्या घराला तरी कुठं दार हाय?" ती म्हणाली. "आलं वाटंनं, गेलं वाटंनं. दे ती पोरगी हिकडं, आन तू दळायला बस."